गल्लीच्या बाजूने

“आधी हात दाखवा.”

प्रदूषण खात्याच्या मॅडम आमच्या कारखान्यात पहिल्यांदा आल्या, तेव्हा आत पाऊल टाकल्यावर त्यांचे पहिले शब्द हे होते. तपासणीला आलेले साहेब लोक आधी खुर्ची शोधतात, मग पंखा, मग कागद मागतात. या बाईंनी स्कूटरची चावी पर्समध्ये टाकली, कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि टाकीवर काम करणाऱ्या सुरेशसमोर जाऊन उभ्या राहिल्या. सुरेशला काय वाटलं कोण जाणे. त्याने उजवा तळहात पँटला पुसला, पुढे केला आणि म्हणाला, “मॅडम, जरा लग्नाचं बघा.”

मी दुसरीकडे पाहिलं. मॅडमनी मात्र त्याचा हात शांतपणे उलटसुलट करून पाहिला.

“लग्नाचं दिसत नाही,” त्या म्हणाल्या, “पण बोटाच्या मुळाशी हे भोक दिसतंय. कधीपासून आहे?”

आमचं काम मुलाम्याचं. पितळेचे नळ, कड्या, बिजागऱ्या आमच्याकडे मळकट येतात आणि निकेल-क्रोमच्या टाक्यांतून निघाल्या की लखलखीत होतात. बाथरूमच्या नळात स्वतःचं तोंड पाहून तुम्ही कधी केस सारखे केले असतील, तर आमच्यासारख्या कुणाचं तरी काम तुम्ही पाहिलेलं आहे. क्रोमचं पाणी कातडीला सारखं लागत राहिलं की बारीक भोक पडतं. दुखत फार नाही, पण लवकर भरूनही येत नाही. आमच्या धंद्यात ते सगळ्यांच्याच हाताला असतं, म्हणून त्याकडे कुणी बघत नाही. मॅडम बघत होत्या. सुरेशनंतर त्या रशीदमामांकडे वळल्या. मामा म्हणजे माझ्या अम्मीचे चुलतभाऊ, अब्बांच्या वेळेपासूनचे कारागीर. मामांचे हात पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, “वास येतो का तुम्हाला?”

“कशाचा?”

“कशाचाही.”

मामा ओशाळं हसले. टाकीच्या वाफेने हळूहळू नाकही जातं. गेल्या काही ईदांना बिर्याणीचाही वास आला नव्हता, हे त्यांनी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. ते त्यांनी तिथे, टाकीशेजारी उभं राहून, एका परक्या सरकारी बाईंना सांगितलं.

मॅडमचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव छापून आलेलं त्यांना आवडलं नसतं. गल्लीत तसंही त्यांना नावाने कुणी ओळखत नव्हतं. ‘हातवाल्या मॅडम’ एवढं म्हटलं की पुरायचं. नारायण पेठेत लहानपण गेलं, तिथेच आईबरोबर राहत होत्या, लग्न केलेलं नव्हतं. बोलणं पेठेतलंच, म्हणजे कमी आणि कोरडं. कुणी गाऱ्हाणं सांगायला लागलं की त्या मध्ये बोलत नसत. शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “बरं. मग पुढे?” या तीन शब्दांपुढे भल्याभल्यांचं गाऱ्हाणं बसून जायचं. कारण पुढे काय, याचा विचार केलेला नसायचा.

चहा त्या कधी घ्यायच्या नाहीत. पहिल्या दिवशी मी आग्रह केला, तर म्हणाल्या, “अहो तांबोळी, चहा चांगला असतो हो. पण नंतर मला नोटीस लिहायला जड जातं.”

आणि नोटीस त्यांनी लिहिलीच. आत घाणेरड्या वाफा ओढून घेणारा पंखा नव्हता, हातमोजे होते पण कपाटात होते. पंधरवड्यात पंखा बसवला नाही तर पुढची कारवाई, असं स्वच्छ अक्षरात लिहून माझ्या हातात दिलं. मी पंखा बसवला. रशीदमामांना दवाखान्यात न्यावं म्हणून त्यांनी मला तीनदा फोन केला. तो भाग नोटिशीत नव्हता.

आमची गल्ली बिबवेवाडीतली. चढावर दोन्ही बाजूंना लहान लहान कारखाने, वर राहती घरं, कोपऱ्यावर पिठाची गिरणी, आणि सकाळपासून मार्केट यार्डातून परतणाऱ्या टेम्पोंची वर्दळ. माझ्या अब्बांचा मूळ धंदा कल्हईचा. लोकांनी तांब्या-पितळेची भांडी वापरणं सोडलं तेव्हा त्यांनी इथे जागा घेऊन निकेलची टाकी टाकली. त्यांचं पाहून आणखी चार जण आले, मग आणखी. तेव्हा भोवती मोकळी जमीन होती. मग तिथे सोसायट्या उभ्या राहिल्या आणि आम्ही त्यांच्या खिडकीखाली आलो. कोण आधी आलं, हा वाद आमच्याकडे कित्येक वर्षं पुरला आहे.

मॅडमच्या खात्याचे नियम कडक होते आणि कागदावर बिनतोड होते. प्रत्येक कारखान्याने आपलं सांडपाणी आपल्याच जागेत शुद्ध करायचं. त्यातून जो विषारी गाळ निघतो तो वाळवून पोत्यात भरायचा आणि सरकारमान्य ठिकाणी पाठवायचा. ठरावीक मुदतीपेक्षा जास्त काळ जवळ ठेवायचा नाही.

मोठ्या कंपनीला हे जमतं. आमच्यासारख्याकडे महिन्याला दोन-तीन पोती निघायची आणि गाळ नेणारी गाडी पूर्ण भरल्याशिवाय यायला तयार नसायची. दोघातिघांनी मिळून गाडी बोलवावी तर तेही चालत नव्हतं, कारण दुसऱ्याचा गाळ आपल्या परवान्यावर नेता येत नाही. म्हणून मी पोती मागच्या बाजूला रचून ठेवायचो. ठेवली की मुदतीचा नियम मोडायचा. गल्लीतल्या काहींनी यावर सोपा उपाय काढला होता. ते पाणी शुद्धच करायचे नाहीत. यंत्र विकत घेऊन ठेवायचे आणि पाणी नाल्यात सोडायचे. गाळच नाही, तर पोत्यांची कटकट नाही.

एकदा मॅडम अशाच एका कारखान्यातल्या यंत्रासमोर उभ्या होत्या. मालक गायकवाड, गल्लीतला सगळ्यात मोठा कारखाना त्यांचा. यंत्र चोवीस तास चालतं असं ते सांगत होते. मॅडमनी मोटरीवरचं कोळ्याचं जाळं बोटाने बाजूला केलं.

“मोटर फार शांत स्वभावाची दिसते,” त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि मागची पोती पाहत बराच वेळ उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं. ठेवली तर गुन्हा, टाकली तर गुन्हा, आणि न्यायला कुणी येत नाही. मी ‘बरं, मग पुढे?’ची वाट पाहत होतो. त्या स्कूटरपर्यंत गेल्या आणि परत आल्या.

“म्हणजे जो नियम पाळतो त्याला मी पकडू शकते,” त्या म्हणाल्या, “आणि जो पाळत नाही, त्याच्याकडे मला पकडायला काही सापडतच नाही. छान आहे.”

हे त्यांनी उपरोधाने म्हटलं, पण चेहऱ्यावर उपरोध नव्हता. मला वाटतं, त्यांच्या डोक्यात पुढचं सगळं त्या दिवशी सुरू झालं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात खालच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी पिवळं आलं.

टँकर परवडेना म्हणून ते लोक बोअरचं पाणी आंघोळीला वापरत होते. लहान मुलांच्या अंगावर पुरळ उठलं. त्या सोसायटीच्या अध्यक्ष म्हणजे देशपांडे बाई, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या नातीची पाठ मी पाहिली आहे. बाई ती पोरगी घेऊन माझ्याच कारखान्यात आल्या होत्या, फ्रॉकचं बटण काढून पाठ दाखवली आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मॅडमनी गल्लीतल्या प्रत्येक कारखान्याचं, नाल्याचं आणि बोअरचं पाणी बाटल्यांत भरून नेलं. अहवाल आला आणि त्यांनी सगळी गल्ली बंद करण्याची शिफारस केली. सगळी म्हणजे माझ्यासकट. विजेच्या खात्याची माणसं आली, वायर तोडून गेली. दारांना सील लागलं.

मी त्यांच्या ऑफिसात गेलो. आयुष्यात सरकारी माणसावर आवाज चढवण्याची माझी ती पहिली वेळ.

“मॅडम, माझी पोती तुम्ही स्वतः पाहिलीत. मी एक थेंब नाल्यात सोडलेला नाही. मला का?”

“पाहिली ना,” त्या म्हणाल्या. “पण पोत्यांखालची फरशी फुटलेली आहे, तीही पाहिली. गाळ तिथून झिरपतो. थोडा झिरपत असेल. पण खाली जाऊन सगळं एकच होतं, तांबोळी. बोअरच्या पाण्यावर कुणाचं नाव नसतं.”

“आणि माझ्याकडची माणसं? सुरेशचं लग्न ठरलंय. मामांचं वय काय, त्यांना दुसरं काम कोण देणार?”

मला वाटलं, आता त्या ते तीन शब्द म्हणतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मला झोप लागते असं तुम्हाला वाटतं का?” असं अगदी हळू विचारलं आणि शिपायाला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

गल्ली शांत झाली. कामगार सुरुवातीला रोज येऊन बंद दारासमोर बसायचे, मग येईनासे झाले. सुरेश मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलायला लागला. मालकांच्या बैठका सुरू झाल्या, त्यात दोनच विषय. एक, कुठल्या पुढाऱ्याला भेटायचं. दोन, शहराबाहेर कुठल्या गावात जागा घ्यायची, जिथे कुणी विचारायला येणार नाही. गायकवाडांनी तर एक जागा बघूनही ठेवली होती. विहिरीला लागून.

हे मॅडमच्या कानावर गेलं. कसं गेलं, ते विचारू नका, मी सांगितलं. एका रविवारी त्यांनी आम्हा मालकांना आणि सोसायटीच्या लोकांना सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकत्र बसवलं. ऑफिसचं पत्र नाही, काही नाही. स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी. एका बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही, दुसऱ्या बाजूला ते. पहिला अर्धा तास नुसतं तोंडसुख. त्यांनी आम्हाला विष कालवणारे म्हटलं, आम्ही त्यांना कालचे आलेले म्हटलं. मॅडम ऐकत होत्या.

“बरं. मग पुढे?” शेवटी त्या म्हणाल्या. “हे कारखाने गावात जातील. तिथलं पाणी खराब करतील. तिथल्या मुलांची पाठ दाखवायला तिथली आजी कुणाकडे जाईल, ते मला माहीत नाही, कारण तिथे माझ्यासारखं कुणी फिरकत नाही. तुमचं बोअर मात्र लगेच सुधारणार नाही. जमिनीला घाई नसते. चालेल तुम्हाला?”

देशपांडे बाई म्हणाल्या, “तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूने आहात?”

“पगार मला दोघांसाठी मिळतो. त्यांना काम मिळावं आणि तुम्हाला पाणी मिळावं म्हणून. एकासाठीच काम केलं तर अर्धा पगार परत करावा लागेल.”

कुणीतरी हसलं. त्या पार्किंगमध्ये तेवढंच हसू झालं, पण त्यानंतर लोक बोलायला लागले.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. प्रत्येकाने आपल्या खोलीत खेळण्यातलं यंत्र ठेवण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून गल्लीच्या खालच्या टोकाला एकच मोठं, नीट यंत्र बसवायचं. सगळ्यांचं पाणी पाइपाने तिथे जाणार. गाळ एकत्र निघणार, गाडी भरणार, गाडी येणार. ते चालवायला एक शिकलेला केमिस्ट ठेवायचा. परवान्यासाठी प्रत्येकाचे खेटे बंद, सगळ्यांचा मिळून एक परवाना. आणि त्या बदल्यात तपासणी कधीही, न सांगता.

अडचण एकच होती. हे कुठल्याही नियमात बसत नव्हतं. त्यांच्या वरिष्ठांनी तसं सांगितलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या म्हणे, “मग नियमाला थोडं सरकून बसायला सांगू या.”

नियमाला सरकवायचं तर मुंबईला जावं लागायचं. किती वेळा गेल्या, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. एकदा त्यांच्याबरोबर मालकांचा प्रतिनिधी म्हणून मला बोलावलं होतं. मी गाडी काढतो म्हटलं, तर म्हणाल्या, “तुम्ही गाडीने या. मी एसटीने जाते.” मग मीही स्वारगेटहून एसटीनेच गेलो. त्या खिडकीपाशी बसून फायलीतले कागद लावत होत्या. घाटात गाडी थांबली तेव्हा त्यांनी स्वतःचा डबा उघडला आणि मला थालीपीठ दिलं. “घ्या. देण्यावर बंदी नाही, घेण्यावर आहे,” म्हणाल्या.

वरच्या ऑफिसातल्या मोठ्या टेबलाभोवती बरेच अधिकारी होते. कुणी म्हणालं, एका गल्लीला सूट दिली तर राज्यभर मागतील. मॅडम म्हणाल्या, “मागू देत की. राज्यभर नाले आहेत.” दुसऱ्या एकाने जरा हसत विचारलं, “बाई, तुम्ही पर्यावरणाच्या खात्यात आहात की उद्योगाच्या?”

“साहेब, मी त्या गल्लीच्या बाजूने आहे,” त्या म्हणाल्या. “दोघंही तिथेच राहतात.”

परत येताना त्या फार बोलल्या नाहीत. मी म्हटलं, तुम्ही छान उत्तर दिलंत. त्या म्हणाल्या, “छान उत्तरं दिली की बदली होते.” मग गाडी पुण्यात शिरेपर्यंत झोपल्या. किती दमल्या होत्या, ते मला तेव्हा दिसलं. मान एका बाजूला कललेली, हातात फाइल घट्ट.

नियम थोडा सरकला. तात्पुरत्या परवानगीने आमचं सामायिक यंत्र उभं राहिलं, वायर जोडली गेली, सुरेश कांदा सोडून परत आला. रशीदमामांना मॅडमनी टाकीवर उभं राहू दिलं नाही. ते माल तपासून बांधायला बसायला लागले. आणि मग काही काळाने सरकारचा मोठा हुकूम निघाला, लहान उद्योगांना दिलासा देणारा. त्यात सामायिक यंत्राची सोय सगळ्या राज्याला लागू केली होती. सगळ्यांचा मिळून एक परवाना, हेही होतं. आणि शेवटी एक कलम असं होतं की लहान कारखान्यांनी आपण नियम पाळतो असं स्वतःच लिहून द्यावं. त्यांची नेहमीची तपासणी आता होणार नाही.

गल्लीत फटाके वाजले. मी पेढे घेऊन मॅडमच्या ऑफिसात गेलो. घेणार नाहीत हे माहीत होतं, तरी गेलो. त्या हुकूम वाचत बसल्या होत्या. शेवटच्या कलमावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे मी मागितलं नव्हतं.”

“पण मॅडम, त्रास कमी झाला ना.”

“तुमचा झाला. तुम्हाला आत यायला दार नव्हतं, म्हणून मी भिंतीत दार पाडायला सांगितलं. यांनी भिंतच काढून टाकली.” त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. “तुम्ही लिहून द्याल आणि पाळाल, तांबोळी. पण गायकवाडांच्या मोटरीचा स्वभाव मला माहीत आहे.”

मला त्यांचा थोडा राग आला. एवढं मिळालं तरी या बाई खूश नाहीत. तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील, ज्यांच्यासमोर आपला आनंद पूर्ण होत नाही. घरी गेल्यावर अम्मीला सांगितलं, तर अम्मी म्हणाली, “त्या पोरीची पाठ तू पाहिलीस, मी नाही. मला काय विचारतोस?”

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. विचारलं, “आता काय करायचं?”

“मला काही करता येत नाही. तपासणीचा अधिकार गेला. पण तुम्ही मला बोलवायला हवं असं कुठे आहे? देशपांडे बाईंना बोलवा. महिन्यातून कधीही येऊ देत, कुठल्याही कारखान्याच्या पाइपातून बाटली भरून नेऊ देत. तपासून आणायची प्रयोगशाळा मी सांगते. यावर कुणाचीही बंदी नाही, कारण कुणाच्या डोक्यातच आलं नसेल.”

मालकांच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा काय झालं ते सांगायला नको. गायकवाड म्हणाले, “सरकारने सोडलं, तर तुम्ही का धरता? उद्या त्या बाई आमच्या स्वयंपाकघरात येतील.” कुणी म्हणालं, मी मॅडमचा माणूस आहे. मी एवढंच म्हटलं, की पहिली बाटली माझ्या पाइपातून भरा, आणि वाईट निघाली तर सगळ्यांना सांगा. मग मधल्या ओळीतला एक जण तयार झाला, मग दुसरा. बरेच महिने गायकवाड सोडून सगळे होते. एक दिवस देशपांडे बाई बाटली घेऊन थेट गायकवाडांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. गायकवाडांची मुलगी त्यांची विद्यार्थिनी होती, हे मला तेव्हा कळलं. गायकवाडांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि स्वतः पाइप दाखवला. पाणी काही फार चांगलं निघालं नाही. बाईंनी कुणाला सांगितलं नाही, फक्त त्यांना सांगितलं. पुढच्या वेळी बरं निघालं.

मॅडमची बदली झाली, त्यांनी म्हटल्याप्रमाणे. दूर नाही, पुण्यातच, प्रशिक्षण विभागात. नव्या लोकांना नियम शिकवायचे. जिथे हात दाखवणारं कुणी नाही अशा जागी. मालकांना त्यांचा सत्कार करायचा होता. त्यांनी फोनवर सांगितलं, “मी अजून नोकरीत आहे. शाल-श्रीफळ द्यायचंच असेल तर केमिस्टला द्या. त्याचा पगार वाढवा, ते जास्त बरं.” केमिस्टचा पगार आम्ही वाढवला.

त्या निवृत्त झाल्या त्या वर्षीच्या ईदला दारावरची घंटा वाजली. दारात मॅडम. साधी सुती साडी, हातात मोगऱ्याचा गजरा, तो अम्मीसाठी. त्या आत आल्या, अगदी पहिल्यांदाच आमच्या घरात आल्या, आणि खुर्चीवर बसत म्हणाल्या, “आता चहा चालतो.”

अम्मी उठायच्या आत मी स्वयंपाकघरात गेलो होतो. बाहेरून मला अम्मीचा आवाज ऐकू आला, “इतकी वर्षं रागावली होतीस का गं?”

“नाही हो. नोकरी होती.”

शीरखुर्मा त्यांनी दोनदा घेतला. रशीदमामा शेजारीच राहतात, तेही आले होते. मॅडमनी त्यांच्यासमोर वाटी धरली आणि विचारलं, “वेलदोड्याचा येतो का?” मामांनी वाकून वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि मान हलवली. नाही. मॅडमनी वाटी खाली ठेवली. “उशिराच आले मी,” त्या म्हणाल्या. मामा म्हणाले, “सुरेशसाठी तरी वेळेवर आलात ना, बास.” अम्मीने विषय बदलून त्यांच्या आईची चौकशी केली.

गेल्या वर्षी मॅडम वारल्या. आजार लवकर लक्षात आला नाही. जगभराचे हात तपासणाऱ्या बाईंनी स्वतःला दाखवायला उशीर केला होता. आम्ही गल्लीतले बरेच जण गेलो होतो. त्यांच्या म्हाताऱ्या आईला आम्ही कोण ते कळेना. गायकवाड पुढे होऊन म्हणाले, “आजी, आम्ही त्यांच्या नोटिशींमधले.” आजी म्हणाल्या, “मग खूपच जण आलात की.” ते बोलणं ऐकून मला मॅडमचाच आवाज ऐकल्यासारखं वाटलं.

आता शेवटचं सांगतो. यंदाच्या दिवाळीआधी, ऐन हंगामात, सामायिक यंत्राचा मोठा पंप बंद पडला. दुरुस्तीचा सुटा भाग दुसऱ्या दिवशी मिळणार होता. सगळ्यांकडे माल तुंबलेला, दुकानदारांचे फोनवर फोन. सरकारकडून तपासायला कुणी येणार नव्हतं, नियमच तसा आहे. आणि नाला जिथे होता तिथेच आहे. केमिस्टने येऊन फक्त एवढं सांगितलं की आता पाणी सोडलं तर ते शुद्ध न होता नाल्यात जाईल, बाकी तुम्ही ठरवा.

ठरवायला आम्ही गल्लीत जमलो. भर दुपार होती. कुणी तोंड उघडायच्या आधी गायकवाड आपल्या कारखान्यात गेले. आत काहीतरी खटकन वाजलं. त्यांच्या मोटरींची घरघर हळूहळू खाली आली आणि थांबली. मग समोरच्याची थांबली. मी आत जाऊन सुरेशला खूण केली.

सगळी गल्ली गप्प झाली. दारं उघडी, टाक्या भरलेल्या, माणसं पायऱ्यांवर बसलेली. पलीकडच्या गिरणीचा आवाज एकदम स्पष्ट यायला लागला. देशपांडे बाई भाजीची पिशवी घेऊन चढ चढत येत होत्या, त्या मध्येच थबकल्या.

“काय हो, लाइट गेली का?”

“नाही बाई,” मी म्हटलं. “लाइट आहे. पंप बिघडलाय, म्हणून आम्हीच बंद केलंय.”

बाईंनी गल्लीत एकदा वर-खाली पाहिलं. मग पिशवी सुरेशच्या शेजारी पायरीवर ठेवली आणि स्वतःही बसल्या. गायकवाडांनी आतून चहा मागवला. कप हातात आल्यावर बाई म्हणाल्या, “हे त्यांना कळायला हवं होतं.”

कुणाला, ते कुणी विचारलं नाही. उद्याच्या मालाचं काय करायचं, यावर हळूहळू बोलणं सुरू झालं.